ज्ञाताकडून अज्ञाताकडे

अध्यापन विद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र तोंडपाठ असते. परंतु हे ‘ज्ञात’ कोणाचे, शिक्षकाचे की मुलाचे, हा प्रश्न आम्ही क्वचितच विचारतो. ह्या सूत्राचा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

सूत्रामागील विचाराला शास्त्राचे रूप देण्याचे मोठे श्रेय योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्या जर्मन तत्त्वज्ञाकडे जाते. मनात आधी साठलेल्या कल्पना नव्या कल्पनेला सामावून घेतात, तेव्हाच ती तेथे ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या अनुयायांनी ह्या विचाराच्या पाच पायऱ्या बांधल्या आणि त्या देशोदेशींच्या शिक्षकांच्या हाती गेल्या. मात्र विचाराची चौकट झाली की त्यातला प्राण हरपतो. पूर्वज्ञानाची चौकशी दोन ठरीव प्रश्नांत उरकू लागली.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये ज्यां पियाजे ह्यांनी स्वतःच्याच तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यावरील त्यांचा एक प्रमुख ग्रंथ १९३६ साली निघाला. नवे जुन्यात सामावते, तसे जुनेही नव्यामुळे बदलते, हे त्यांनी दाखविले. कुत्रा तेवढा ओळखणारे मूल वासरालाही ‘भूभू’ म्हणते. आम्ही हसतो, पण चार पायांचे साम्य त्याने स्वतः हेरलेले असते. वासरू हंबरले की त्याची जुनी कल्पना अपुरी पडते आणि तेथेच नवी जन्मते.

आमच्याकडे हे सत्य ताराबाई मोडक ह्यांनी कृतीत उतरविले. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली अनुताई वाघ ह्यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे आले. मोजणे, लावणे, निवडणे हे सारे मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरू झाले.

सायंकाळी कळपातले एक शेळकूही कमी पडले तर ज्याला कळते, तो मुलगा फळ्यावरच्या आकड्यांपुढे गप्प बसला, म्हणून आम्ही त्याला ‘मठ्ठ’ ठरवावे काय? त्याचे ज्ञात आमच्या पुस्तकात नाही, एवढाच त्याचा अपराध. तो शिक्का किती आयुष्ये अडवितो, हे सांगावयास नको. असे मूल पुढे आले, तर त्याला काय येत नाही हे मोजण्याआधी काय येते ते विचारावे, एवढे तरी आम्ही करू शकतो.