धुरावरून ओळखलेले गाव

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, अमेरिकेतील काळ्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु बेडी तुटल्यावर त्या माणसांनी जावे कोठे आणि खावे काय? कॅन्सस राज्याच्या वायव्येस, सॉलोमन नदीच्या खोऱ्यातील निकोडेमस या इवल्याशा गावाने या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले.

१८७७ साली हे गाव आखले गेले. आखणाऱ्यांत डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते, तसा डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचा व्यवहार करणारा गोराही होता. केंटकीत जाहिराती लागल्या. तिकडे गुलामी गेली होती, पण जमीन धन्याचीच राहिली होती. इकडे मात्र १८६२ च्या कायद्यान्वये पाच वर्षे राहून कसणाऱ्यास १६० एकर सरकारी जमीन आपली म्हणता येई. त्या वर्षी तीनशेच्या वर माणसे निघाली.

एलिस स्टेशनवर उतरून पुढे माळरानातून दोन दिवसांची वाट. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलिआना हिकमन यांना पतीने गाव दाखवले, तेव्हा त्यांना दिसला केवळ जमिनीतून निघणारा धूर! झाडझाडोरा नसल्याने लोकांनी भुईत खोदून घरे केली होती. बाईंना रडू कोसळले. कित्येक कुटुंबे तेथूनच परत फिरली. मागे राहिले, त्यांच्यापाशी जनावरे मोजकीच; त्यांनी कुदळी-फावड्यांनी माळ फोडला. पुरुष दूरवर रेल्वेच्या कामावर जात. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातले मांस दिले, अशी आठवण गावाने जपली आहे.

हळूहळू भुयारांवर घरे उभी राहिली. झॅकरी फ्लेचर टपालखाते आणि हॉटेल सांभाळीत; त्यांच्या पत्नी जेनी गावच्या पहिल्या शिक्षिका. येथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब १८८२ साली सबंध राज्याचे हिशेबतपासनीस निवडून आले. दुकाने थाटली, पेढी आली, दोन वर्तमानपत्रे निघाली.

आता उणीव होती आगगाडीची. १८८७ साली गावाने तिच्यासाठी १६,००० डॉलरांचे कर्जरोखे मंजूर केले. पण ती कंपनी आलीच नाही. १८८८ साली दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले, तेही नदीपलीकडे, काही मैलांवर. व्यापाऱ्यांनी दुकाने उचलली आणि रुळांकाठी, बोग गावी नेली. पुढे १९३० नंतरच्या दशकात अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी आणखी घरे रिकामी केली. १९५३ साली टपालकचेरी बंद झाली.

२०२० च्या शिरगणतीत येथे उरली होती अवघी १४ माणसे. तरीही १९९६ साली राष्ट्राने या गावाला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. दरवर्षी जुलैअखेर मुक्तिदिनाच्या उत्सवाला ठिकठिकाणचे वंशज येथे जमतात. आगगाडीने बाजार नेला; पण ज्यांचे पूर्वज एके काळी स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होते, त्यांना ‘हे आमचे गाव’ म्हणायला एक जागा आहे. त्या कुदळीवाल्यांनी मिळवले ते हे.