सिंदखेडराजाच्या गोष्टीतला हबशी

दर १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊ, लखुजी, शहाजी यांच्यावर भाषणं होतात. मलिक अंबर मात्र एका वाक्यात उरकतात. जन्म इथिओपियातला, साधारण १५४८ चा. लहानपणीच विकला गेला, मग बाजारामागून बाजार. शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला घेतलं. हा पेशवासुद्धा एकेकाळचा हबशी गुलामच, बरं का! तो मेल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा निजामशाहीचा वारस गादीवर बसवून राज्य त्यानेच सावरलं. १६२४ ला नगरजवळ भातवडीत त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा बुडवल्या. शहाजीराजे त्याच्या बाजूने, सासरे लखुजी मोगलांकडून! जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरला काळ्या रंगावरून शिव्या घालतो. त्याला मरेपर्यंत पुरतं नमवता आलं नाही, तो राग दुसरीकडे कुठं काढणार?

अमेरिकेत गुलामाच्या पोटी गुलामच जन्मायचा; दख्खनेत गुलाम वजीर व्हायचा. म्हणून आपल्याकडची गुलामी सौम्य होती, असं काहीजण सांगतात. मला नाही पटत. अंबर वजीर झाला म्हणून त्याचं नाव तरी कळतं. त्याच्यासोबत बाजारात उभी केलेली बाकीची पोरं कुठं गेली?