गेलेल्या दातांची भरपाई

आज ज्या भूभागास पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा म्हणून ओळखले जाते, तो शंभर वर्षांपूर्वी हवेली व खेड तालुक्यांतील शेतकऱ्यांचा, मोरया गोसावींच्या चिंचवड देवस्थानाच्या इनामांचा आणि चाकणच्या बाजारपेठेचा मुलूख होता. आणि या मुलखात दाढ ठणकू लागली म्हणजे माणसापुढे दोनच मार्ग उरत : लवंग दाढेत धरून रात्र काढणे, नाही तर दाढच उपटून घेणे. किडलेला दात राखणे आणि गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसविणे हा तिसरा मार्ग येथवर पोचला तो कायदा, रसायन आणि धातुकाम यांच्या आधाराने. आणि यांपैकी रसायन व धातुकाम या दोहोंत तर याच भूमीने पुढे नाव मिळविले.

शास्त्रात या विषयाचे ज्ञान नव्हते असे मात्र नाही. सुश्रुताच्या शस्त्रसंभारात दातांवरील कीट खरवडण्यासाठी दंतशंकू सांगितला आहे, आणि वाग्भटाने किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तप्त शलाकेने डागण्याचा उपचार दिला आहे. पुण्याच्या परिसरात तर अवयव नव्याने घडविण्याचे कौशल्यही वसत होते : टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानास कुंभारकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये सचित्र छापून आली. परंतु कातडी जिवंत असते, ती जुळते आणि भरून येते. दातावरील कवच एकदा झिजले वा फुटले की शरीर ते पुन्हा घडवीत नाही, आणि म्हणून दाताची भरपाई बाहेरच्या द्रव्यानेच करावी लागते. असे टिकाऊ, निर्विष आणि चर्वणाचा भार सोसणारे द्रव्य हाती येईपर्यंत गावोगाव हिंडणारा, जडीबुटी विकणारा आणि तुंबडी लावणारा वैदू हाच सामान्य माणसाचा दंतवैद्य राहिला.

या अवस्थेत पहिला पालट शिक्षणाने व कायद्याने घडविला. कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. आणि १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यवसायाची अधिकृत नोंदवही निर्माण केली. त्या नोंदवहीचे भाग करताना कायद्याने पदवीधरांना एका भागात घातले, परंतु पदवी नसताना किमान पाच वर्षे याच धंद्यावर उपजीविका चालविलेल्यांसही दुसऱ्या भागात स्थान दिले. जुन्या कारागिरांना एकाएकी बेदखल न करता नव्या शास्त्राचा अंमल बसविण्याची ही तजवीज दूरदृष्टीची होती, असेच म्हटले पाहिजे.

दुसरा पालट प्रत्यक्ष पिंपरीत झाला. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि १९५५ मध्ये त्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. त्यापूर्वी दाढेच्या मुळाशी साठलेला पू जबड्यातून गळ्याकडे पसरून माणूस दगावत असे, हे आज खरेही वाटत नाही. औषधाने मूळचा दोष जात नाही. तो दंतवैद्याच्या हातूनच दूर व्हावा लागतो. पण पसरणारा संसर्ग आवरला गेल्यामुळे दाढ न उपटता तिची मुळे साफ करून भरण्याइतका अवधी वैद्यास मिळाला. याच कारखान्यात १९६१ साली डॉ. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधून काढले. तोंडातील बुरशीवर ते लावता येत असे, आणि रात्रंदिवस कवळी न काढणाऱ्या वृद्धांच्या टाळूस ही व्याधी वारंवार जडते.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आकुर्डीस बजाज व पिंपरीस टेल्को यांचे कारखाने उभे राहिले, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व कोकणातून आलेल्या कामगारांबरोबर मिसरी व तंबाखूही आल्या, आणि पाळीच्या कामात जेवणाची वेळ उरली नाही. धातूवर मुलामा चढविण्याच्या छोट्या कारखान्यांत तर आम्लाच्या वाफेने पुढच्या दातांचे कवच झिजते. ही झीज व्यवसायजन्य आहे हे वैद्यक मानते, परंतु ती अपघातासारखी एका दिवशी होत नसल्यामुळे तिची दाद घेण्यास कामगार क्वचितच पुढे येतो.

अशा किडून वा झिजून गेलेल्या दातांची जागा प्रथम कवळीने भरली. तिचे काम जवळून पाहण्यासारखे असते. हिरड्यांचे माप घेऊन त्यात प्लास्टर ओततात. त्या साच्यावर मेणाची कड उभारून तीत एकेक दात बसवितात. मेणाची ही कवळी रुग्णाच्या तोंडात घालून ओठांची ठेवण, चावा व उच्चार तपासतात. मग ती पितळी पेटीत प्लास्टरमध्ये पुरून, गरम पाण्याने मेण वितळवून काढतात आणि त्या रिकाम्या जागी भुकटी व द्रव यांचा मळलेला ॲक्रिलिकचा गोळा दाबून कित्येक तास ऊन पाण्यात शिजवितात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेल्या रबराच्या काळपट कवळीस १९३७ च्या सुमारास या गुलाबी द्रव्याने मागे सारले.

झिजलेल्या दातावर धातूची टोपी बसविण्याचे तंत्र भोसरीच्या ओतारास परके वाटणार नाही. मेणाचा नमुना साच्यात जाळून त्या पोकळीत वितळलेला धातू ओतण्याची मूर्तिकारांची जुनी रीत विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली दातांच्या कामासाठी सिद्ध केली. आज संगणकावर आखलेली झिर्कोनियाची टोपी कापणारे यंत्र हे चाकणला मोटारींचे भाग कापणाऱ्या यंत्राचेच लहान भावंड आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा खिळा रोवून त्यावर दात उभारण्याची विद्या स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली प्रथम माणसावर यशस्वी केली. हाड त्या धातूस परका न मानता त्याच्याशी एकजीव होते, हा त्यांचा शोध या सर्व उपचारांचा आजवरचा कळस होय. पिंपरीतच दंत महाविद्यालय असल्यामुळे ही विद्या शिकणारे हातही आता येथेच तयार होतात.

असे असूनही या पट्ट्यातील कंत्राटी कामगाराचा दात बहुधा उपटलाच जातो, कारण उपटण्याचा खर्च थोडा व एकदाचा असतो, राखण्याचा अधिक व हप्त्याहप्त्याने येणारा असतो, आणि प्रत्येक खेपेस पाळी बुडते. विद्या दाराशी आली, पण ती घेण्याची ऐपत व सवड आली नाही. म्हणून महानगरपालिकेने आपल्या रुग्णालयांत दाढ भरण्याची व कवळीची सोय संध्याकाळच्या वेळी ठेवावी, कारखानदारांनी वार्षिक आरोग्यतपासणीत दातांची तपासणी समाविष्ट करावी, आणि ज्या खात्यांत आम्लाची वाफ आहे तेथील कामगारांच्या दातांची झीज व्यवसायजन्य म्हणून दप्तरी नोंदवावी. ज्या नगरीने देशाला पेनिसिलिन दिले, तिने आपल्या श्रमिकाच्या मुखातील दात राखण्याची जबाबदारी उचलणे हे तिचे कर्तव्यच आहे.