स्थलांतरित नगर

पश्चिम पोलंडातील व्रोत्सवाफ नगराच्या मुख्य चौकात, मध्ययुगीन नगरभवनाजवळ, हाती पिसाची लेखणी घेतलेला एक ब्राँझचा वृद्ध गृहस्थ खुर्चीत बसलेला आहे. हा पोलिश प्रहसनकार अलेक्सान्देर फ्रेद्रो. त्याचा पुतळा १८९७ साली उभारला गेला तो मात्र येथे नव्हे, तर पूर्वेस पाचशेहून अधिक किलोमीटरांवरील ल्वुफ (आजचे युक्रेनमधील ल्विव) नगरात. आणि आजच्या त्याच्या जागी १९४५ पर्यंत प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम अश्वारूढ होता. राजाचा घोडा गेला आणि १९५६ साली नाटककाराची खुर्ची आली, या अदलाबदलीत त्या नगराची अर्धी कैफियत सामावली आहे.

ओद्रा नदीच्या बेटांवर वसलेल्या या नगरात इ. स. १००० साली पोलंडच्या पियास्त राजवटीत बिशपचे पीठ स्थापन झाले; पुढे १३३५ मध्ये नगर बोहेमियाच्या, १५२६ मध्ये हाब्सबुर्गांच्या आणि अठराव्या शतकात प्रशियाच्या अंमलाखाली गेले, आणि ब्रेसलाऊ या नावाने जर्मन नगर म्हणूनच जगास परिचित झाले. १९४५ नंतर पोलिश सरकारने जर्मनीकडून मिळालेल्या साऱ्या प्रदेशास ‘परत मिळविलेला मुलूख’ असे गौरवाने संबोधिले. पियास्तांची सनद खोटी नव्हती. परंतु मध्यंतरी सहा शतकांची दुसऱ्याची वहिवाट असता असला दावा आपल्याकडील एखाद्या मुन्सफाने दप्तरी तरी दाखल करून घेतला असता की नाही, याची मला शंका आहे.

निकाल मुन्सफाने नव्हे, तोफांनी आणि तहनाम्यांनी दिला. जवळजवळ तीन महिने वेढा सोसून, विमानांना उतरण्यासाठी भर वस्तीतील घरांच्या रांगा स्वतःच जमीनदोस्त करून, ब्रेसलाऊ शरण आले ते ६ मे १९४५ रोजी, म्हणजे बर्लिन पडल्यानंतर चार दिवसांनी. ल्वुफसह पोलंडचा पूर्वभाग स्टालिनने सोडला नाही; त्याची भरपाई म्हणून पोट्सडॅम परिषदेने ओद्रा-निसा नद्यांपर्यंतचा जर्मन मुलूख पोलंडच्या कारभाराखाली दिला. जर्मन रहिवाशांची हकालपट्टी झाली आणि त्यांच्या घरांत, कित्येकदा त्यांच्याच भांड्याकुंड्यांत, नव्या माणसांनी संसार मांडले. नव्या सरहद्दीची झळ दूरवर पोहोचली : कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात आश्रयास राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांपैकी बहुतेकांची गावे त्या पूर्वभागातच होती, आणि युद्ध संपले तेव्हा ती गावे पोलंडात उरली नव्हती.

व्रोत्सवाफमध्ये आलेले सारेच ल्वुफकर होते ही समजूत मात्र खरी नाही; बहुसंख्य लोक मध्य पोलंडातून आले. ल्वुफकर थोडे, पण विद्यापीठातील अध्यासने त्यांच्याकडे गेली आणि नगराचे वळण त्यांनी ठरविले. पोलिश उमराव ओसोलिन्स्की यांनी १८१७ मध्ये स्थापिलेल्या ल्वुफच्या ग्रंथसंग्रहाचा काही भाग १९४६-४७ मध्ये आगगाडीने आला; उरलेला तेथेच राहिला, आणि एकाच संग्रहाची पाने दोन राष्ट्रांत वाटली गेली. इकडे ग्रंथ येत असता व्रोत्सवाफच्या पडक्या घरांच्या विटा वॉर्साच्या पुनर्बांधणीसाठी रवाना होत होत्या, हा व्यवहारही नोंदविण्याजोगा आहे.

ल्वुफहून आलेल्या सामानात एक अवजड वस्तू होती : यान स्तिका आणि वोइचेख कोसाक यांनी १८९३-९४ मध्ये रंगविलेले, पंधरा मीटर उंच आणि एकशे चौदा मीटर लांब असे वर्तुळाकार चित्र. विषय १७९४ ची राचवावित्सेची लढाई. त्या लढाईत पोलिश उठावाचा नेता कोश्चुश्को याच्या सैन्यातील शेतकऱ्यांनी दांड्यास सरळ बसविलेली विळ्यांची पाती घेऊन रशियन तोफा काबीज केल्या होत्या. रशियाचा पराभव रशियाच्या मित्रराष्ट्रात मांडावा कसा, हा पेच अधिकाऱ्यांना दशकानुदशके सुटला नाही. समित्या नेमल्या जात, इमारतीचे काम रेंगाळे. १९४६ साली गुंडाळून आणलेले ते कापड प्रेक्षकांसाठी उलगडले गेले १९८५ च्या जूनमध्ये.