हजेरीपटाचा इतिहास

वैद्यकीय विद्यार्थ्यावर व्याख्यानास बसण्याची सक्ती असावी काय, या वादाचे मूळ फार जुने आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ दुर्मिळ होते. आचार्यांनी उच्चासनावरून गेलेनचा ग्रंथ वाचावा, शिष्यांनी तो ऐकावा आणि प्रेत मात्र न्हाव्याने चिरावे, अशी रीत होती. पादुआ येथे वेसेलियसने सुरी स्वतः हाती घेतली. १५४३ साली त्याचा शरीररचनेवरील ग्रंथ निघाला. अठराव्या शतकात लायडनच्या बोअरहावने अवघ्या बारा खाटांभोवती विद्यार्थ्यांना शिकविले. इंग्लंडात १८१५ च्या कायद्यानंतर औषधवैद्याच्या परवान्यासाठी व्याख्यानांच्या हजेरीचे दाखले मागण्यात येऊ लागले. ऐकणे आणि पाहणे या दोन परंपरा अशा शेजारी-शेजारी वाढल्या.

आमच्याकडे मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली व हैदराबादेस वैद्यकशाळा १८४६ साली निघाली. मराठवाड्यास मात्र पुष्कळ थांबावे लागले. औरंगाबादेस कॉलेज आले १९५६ साली, नांदेडास १९८८ साली, आणि लातुरास सरकारी कॉलेज २००२ साली. येथील कित्येक पिढ्यांना गैरहजेरीचा प्रश्नच नव्हता, कारण वर्गच नव्हता. मग असा दुर्लभ वर्ग सोडून विद्यार्थी खोलीत का बसतो?

त्याचे उत्तर ‘लातूर पॅटर्न’मध्ये काही अंशी सापडते. शिकवणी, सराव व प्रश्नसंच यांच्या बळावर जो प्रवेशपरीक्षा जिंकतो, त्याला व्याख्यानाची जागा पुस्तकाने वा चित्रफितीने भरून निघेल असे वाटते. आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु इंग्रजीत अडखळणाऱ्या खेड्यातील मुलाला समजावून सांगणारा शिक्षक लागतो, हेही आम्ही विसरू नये.

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत एकूण हजेरी शेकडा ७५, तर प्रात्यक्षिके, रुग्णशय्या इत्यादींची शेकडा ८० ठरली. या पाचांच्या फरकात वरील सारा इतिहास सामावला आहे. आमच्या मते तो फरक वाढवावा. व्याख्यानाची सक्ती सैल करावी, म्हणजे श्रोते टिकविण्याची जबाबदारी वक्त्यावर येईल. रुग्णशय्येपाशी मात्र सूट नको. हाताखालची नाडी आणि फुगलेले यकृत चित्रफितीत सापडत नाही. आणि जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेला रोगी उद्या याच विद्यार्थ्याच्या हाती आपला जीव सोपविणार आहे.