सुवाह्य लघुलहरी रेडिओ संच

सुवाह्य लघुलहरी रेडिओ संच म्हणजे शॉर्टवेव्ह केंद्रे ऐकण्यासाठी वापरला जाणारा, बॅटरीवर चालणारा व सहज नेता येण्याजोगा रेडिओ. लघुलहरींची कंप्रता ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ, तर तरंगलांबी १०० ते १० मीटर असते. आयनांबरामुळे या लहरी पृथ्वीकडे परत वळतात आणि हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. श्रोत्याला इंटरनेट किंवा जवळचा मनोरा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमधील दूरध्वनी व इंटरनेट सेवा बंद असताना बीबीसीने लघुलहरींवरील प्रसारण वाढवले होते. मात्र बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रसारण जानेवारी २०२० अखेर थांबले. म्हणून संच घेण्यापूर्वी हवी ती केंद्रे अद्याप चालू आहेत का, हे पाहणे आवश्यक ठरते.

निवड

संचात निदान ४९, ४१, ३१, २५ व १९ मीटरचे पट्टे असावेत. या पट्ट्यांत केंद्रे सहसा ५ किलोहर्ट्‌झ अंतरावर असल्याने काटा असलेल्या तबकडीपेक्षा अंकदर्शक संचावर नेमके केंद्र लावणे सोपे जाते. शेजारच्या केंद्राचा आवाज वगळण्याची क्षमता, म्हणजेच निवडक्षमता, महत्त्वाची असते. हौशी रेडिओचालकांचे संभाषण ऐकायचे असल्यास एकपार्श्वपट्ट म्हणजे एसएसबी सुविधा लागते. आपत्काळासाठी बाजारात सहज मिळणाऱ्या सेलवर चालणारा संच सोयीचा असतो.

वापर

दिवसा साधारणतः १० मेगाहर्ट्‌झच्या वरील, तर रात्री त्याखालील पट्ट्यांवर दूरची केंद्रे अधिक चांगली ऐकू येतात. वेळापत्रके जागतिक समन्वित वेळेत दिलेली असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. मार्च व ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी अनेक केंद्रांच्या वेळा आणि कंप्रता बदलतात.

एलईडी दिवे, चार्जर व संगणक यांमुळे खरखर वाढते. त्यामुळे संच बॅटरीवर चालवून खिडकीजवळ किंवा गच्चीवर ठेवावा. आकाशकाला, म्हणजे एरियलला, पाच ते दहा मीटर तार जोडल्यास क्षीण केंद्रे स्पष्ट होतात. मात्र फार लांब तारेमुळे लहान संचात केंद्रांची सरमिसळ होऊ शकते. वीज कडाडत असताना बाहेरची तार काढून ठेवावी.

मर्यादा

आवाज कमी-जास्त होत राहणे हा लघुलहरींचा स्वभावच आहे. तीव्र सौरज्वालेनंतर पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूवरील ग्रहण काही काळ पूर्णपणे खंडित होऊ शकते; अशा वेळी दोष संचात नसतो.