आणेवारी आणि पर्जन्यमापक

पाऊस पडला, पण किती पडला? वाचकहो, प्रश्न साधा दिसतो. पण शेतसारा भरायचा की माफ व्हायचा, हे त्याच्या उत्तरावर ठरत आलं आहे.

जुन्या महसुली व्यवहारात पावसापेक्षा पीक पाहात. भरपूर पीक म्हणजे सोळा आणे; यंदाचे किती आणे, याचा अंदाज ती आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे तिची पैसेवारी झाली. ती ५० पैशांच्या आत आली की टंचाई मानायची.

दुसरे माप पर्जन्यमापकाचे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. दिवसात अडीच मिलिमीटर पाणी भरले, तर तो ‘पावसाचा दिवस’. पण हे भांडे आपल्या जागेपुरतेच बोलते. नांदेडला सर आली, म्हणून देगलूरचे शेत भिजले असे होत नाही.

आणेवारीचा दोष वेगळाच. ती पक्की होते, तोवर पीक हातचे गेलेले असते! मापक मात्र आषाढातच इशारा देतो.

२०१६ च्या एप्रिलात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. त्याच वर्षीच्या केंद्राच्या दुष्काळ-संहितेने पावसाबरोबर पीक, जमिनीतली ओल, भूजल आणि जलाशय यांचाही हिशेब सांगितला.

मोजणे सुधारले, हे खरेच. पण आकडा वेळेवर ऐकला, तरच तो गावाच्या उपयोगी पडतो.